सहा व्होल्टच्या जुन्या मोटरसायकलला कुठली बॅटरी? आधी रेग्युलेटर काय करतोय ते बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: १९५० च्या दशकाच्या अखेरची ब्रिटिश सिंगल, म्हणजे एका सिलिंडरची मोटरसायकल, ६ व्होल्ट, चार्जिंगला डायनॅमो, किक स्टार्ट. दोन वर्षांत तिसरी बॅटरी गेली. कुणी एजीएम (एक प्रकारची सीलबंद शिशाची बॅटरी) टाका म्हणतंय, कुणी म्हणतंय लिथियम टाकून मोकळे व्हा, आणि घरात कारचा चार्जर पडून आहे, तो चालेल का?

लागोपाठ तीन बॅटऱ्या गेल्या, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. एकतर गाडी तिला उपाशी ठेवतेय, नाहीतर जास्त पाजतेय, किंवा गाडी उभी असते तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. यातलं नेमकं काय चाललंय हे कळेपर्यंत चौथी घेऊ नका. बॅटरीचा प्रकार ठरतो तो गाडीचं चार्जिंग तिच्यापर्यंत किती व्होल्ट पोचवतं आणि गाडी किती दिवस उभी असते यावरून. कंपनी, वॉरंटी, डब्याचा रंग हे सगळं नंतर.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: ठिणगी मॅग्नेटोवर (ठिणगीची वीज स्वतःच बनवतो) आहे की कॉइलवर (बॅटरीच्या विजेवर चालते)? मॅग्नेटो असेल तर बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन चालू होतं, बॅटरी फक्त लाइट आणि हॉर्नपुरती. कॉइल असेल तर बॅटरी गेली की गाडी रस्त्यात बंद. दोन्ही गाड्यांना एकच सल्ला देता येत नाही. पुढे जिथे फरक पडतो तिथे सांगत जातो.

सुरुवात मल्टिमीटरने करा. आत्ता हाताशी असलेली बॅटरी, ती थोडीफार जिवंत असेल तर, बाहेर काढून पूर्ण चार्ज करा आणि रात्रभर नुसती ठेवा. चार्जर काढल्या-काढल्या घेतलेलं रीडिंग फसवं असतं, कारण प्लेटवर वरवरचा चार्ज साचलेला असतो. सकाळी ६.३ व्होल्टच्या वर असेल तर बॅटरीला अजून विचारता येईल. ६.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. चार्ज करूनही सकाळी ६ च्या खाली आली तर ती गेली, तिच्यावर पुढची तपासणी करू नका. १२ व्होल्टची गाडी असेल तर हेच आकडे दुप्पट धरा.

मग बॅटरी गाडीवर चढवा, इंजिन गरम होऊ द्या, आणि मीटरच्या तारा थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावा. गाडीवरच्या अँमीटरवर विसंबू नका, करंट बॅटरीत जातोय की बाहेर येतोय एवढंच त्याचा काटा दाखवतो. लाइट बंद ठेवून, टॉप गिअरमध्ये निवांत चालताना इंजिन जितकं फिरतं तितकं फिरवा. ७ ते ७.४ व्होल्ट दिसायला हवेत. मग हेडलाइट लावा. ६.८ च्या आसपास टिकलं तर ठीक. लाइट लावताच ६.३ ला आलं तर डायनॅमोला लोड झेपत नाहीये. आणि लाइट बंद असताना आकडा ७.६, ७.८ असा चढत राहिला तर तुमच्या तीन बॅटऱ्या कशाने गेल्या ते कळलं.

मीटर भलतेच आकडे नाचवायला लागला तर घाबरू नका. जुन्या गाडीच्या स्पार्क प्लगच्या टोपीत रेझिस्टर नसतो आणि ठिणगीचा गोंगाट डिजिटल मीटरमध्ये घुसतो. रेझिस्टरवाली टोपी लावा किंवा काट्याचा मीटर वापरा. आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची जी जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या. बॅटरी निघाली की व्होल्टेजला आवर राहत नाही. बल्ब तर जातातच, आणि रेग्युलेटर (डायनॅमोचं व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) इलेक्ट्रॉनिक असेल तर तोही जातो.

आता रेग्युलेटरकडे येऊ. तुमच्या गाडीच्या काळातल्या, लुकास या ब्रिटिश कंपनीचा डायनॅमो असलेल्या गाड्यांना सीटखाली किंवा टूलबॉक्सच्या मागे एक काळी डबी असते. तिच्यात दोन भाग असतात. एक कट-आउट, म्हणजे डायनॅमो थांबला की बॅटरी उलटी त्याच्यात रिकामी होऊ नये म्हणून असलेला स्विच. दुसरा रेग्युलेटर, म्हणजे सेकंदाला कित्येक वेळा उघडझाप करून डायनॅमोच्या फील्डला, म्हणजे त्याच्या विजेवर चालणाऱ्या चुंबकाला, लगाम घालणारा कॉन्टॅक्ट. डबी उत्तम आहे, पण तिचं वय साठीच्या पुढे आहे. कॉन्टॅक्ट जळलेले असतात, स्प्रिंग सैल पडलेली असते, आणि मधल्या काळात कुणीतरी स्क्रू फिरवून ‘थोडं वाढवून’ दिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये या डबीसाठी ७.६ ते ८ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसेल. तो बॅटरीची वायर इंजिन सुरू करण्याआधीच सोडवून, दिवे बंद ठेवून, बिनलोडवर घ्यायचा असतो, तेही फक्त ही जुनी डबी सेट करण्यापुरतं. बॅटरी जोडलेली असताना तोच आकडा आणायला जाणारे लोक मी खूप पाहिलेत. त्यांच्या बॅटऱ्या उकळून कोरड्या पडतात.

ही डबी नीट सेट झाली आणि ७.२ च्या आसपास स्थिर राहिली तर अवश्य ठेवा. पण मूळपण जपायचा हट्ट नसेल, तर त्याच डब्यात आत मावणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात. बाहेरून काही दिसत नाही, आत व्होल्टेज जागचं हलत नाही. माझ्याकडे येणाऱ्या, नियमित चालवायच्या गाड्यांना मी हेच सुचवतो, आणि त्यानंतरच बॅटरीबद्दल बोलतो.

आता डायनॅमोचं गणित एकदा कागदावर मांडू, म्हणजे ‘उपाशी’ म्हणजे काय ते कळेल. त्या काळातला लुकास ई३एल डायनॅमो ६० वॅटचा. हेडलाइट ३० वॅट, टेललाइट ६, स्पीडोमीटरचा दिवा २. कॉइल असेल तर ती सरासरी १२-१५ वॅट घेते. बेरीज पन्नासच्या आसपास. म्हणजे बॅटरीच्या वाट्याला आठ-दहा वॅट, सव्वा अँपिअरच्या जवळपास, आणि तेही डायनॅमो पूर्ण जोरात फिरत असेल तेव्हा. गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वर ब्रेकलाइटचे १८-२१ वॅट खात तुम्ही चाललात, तर हिशोब उलटा होतो आणि बॅटरीतून पैसे निघत राहतात. १२ अँपिअर-तासांची (हे बॅटरीच्या साठ्याचं माप) बॅटरी निम्मी उतरली असेल तर सव्वा अँपिअरने ती भरायला पाच तास लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात जास्तच, कारण शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते. शेवटी शेवटी ती करंट स्वीकारतच नाही म्हटलं तरी चालेल. पंधरवड्यातून एकदा गाडी काढून वीस मिनिटं फिरवून आणली की बॅटरी चार्ज झाली, हा समज जितक्या बॅटऱ्या मारतो तितक्या खराब रेग्युलेटरनेही मरत नसतील. अर्धवट भरलेल्या अवस्थेत प्लेटवर लेड सल्फेटचे बारीक कण मोठे आणि कडक होत जातात आणि मग ते परत विरघळत नाहीत. ‘बॅटरी चार्जिंग धरत नाही’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

याला स्वस्तातला उपाय म्हणजे टेललाइट आणि स्पीडोमीटरचे बल्ब एलईडी करणे. ब्रेकलाइटही. ६ व्होल्टचे मिळतात, फक्त तुमच्या गाडीचं अर्थिंग प्लस आहे की मायनस, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक फ्रेमला जोडलंय, ते बघून घ्या. हेडलाइटचं मी सहसा तसंच ठेवतो, कारण जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा झोत विखुरतो.

आता बॅटऱ्या.

पाण्याची, म्हणजे ॲसिड भरलेली उघड्या टोपणांची बॅटरी ही १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँतेने बनवलेल्या मूळ कल्पनेचीच नात. तिचा गुण असा की ती अन्याय सहन करते. व्होल्टेज थोडं जास्त झालं तर पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडतं, तुम्ही डिस्टिल्ड वॉटर घालता, ती पुढे चालते. म्हणून ज्या गाडीत रेग्युलेटर धड नाही, किंवा मुळात रेग्युलेटर नाहीच, तिला हीच बॅटरी. रेग्युलेटर नाही हे ऐकून चमकू नका. लुकासच्या सुरुवातीच्या ६ व्होल्ट अल्टरनेटरवाल्या (डायनॅमोच्या जागी आलेलं वीज बनवणारं यंत्र) गाड्यांत लाइटच्या स्विचनेच ठरायचं की अल्टरनेटरच्या किती कॉइल जोडायच्या. लाइट बंद तर थोड्या, हेडलाइट लावला तर सगळ्या. उरलेसुरले व्होल्ट बॅटरीनेच गिळायचे. अशा गाडीत सीलबंद बॅटरी टाकली तर ती फुगते, आणि दोष दुकानदाराला जातो.

तिचे दोषही मोठे आहेत. ॲसिडची वाफ क्रोम खाते, रंग खाते, वायरिंगची टोकं हिरवी करते. ब्रीदरची, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी, नळी चेन आणि फ्रेमपासून लांब, खाली सोडली नाही तर ताज्या रंगकामाची वाट लागते. आणि ती आपोआप जास्त उतरते, विशेषतः उन्हाळ्यात. महिनाभर हात लावला नाही तर ती तुमची वाट बघत बसत नाही.

कोरडी मिळाली आणि ॲसिड तुम्ही भरत असाल तर एक गोष्ट कराच. १.२६ ते १.२८ घनतेचं ॲसिड वरच्या खुणेपर्यंत भरा, अर्धा-पाऊण तास प्लेटना पिऊ द्या, पातळी बघा, आणि मग गाडीवर चढवण्याआधी क्षमतेच्या एक दशांश करंटने काही तास चार्ज करा. १२ अँपिअर-तासांची असेल तर १.२ अँपिअर. ॲसिड ओतल्यावर बॅटरी लगेच दिवा पेटवते म्हणून लोक चार्ज न करताच बसवतात. ती त्या वेळी पूर्ण भरलेली नसते, आणि वर सांगितल्याप्रमाणे तिच्या वाट्याला आठ-दहा वॅटच ठेवणारा डायनॅमो तिला कधीच पूर्ण भरत नाही. पहिल्या दिवशी अर्धवट राहिलेली बॅटरी कायम अर्धवट राहते. नंतर पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड पुन्हा घालायचं नाही, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. मोटरसायकलसाठी छोटा हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारा) मिळतो तो घ्या. तीन सेल आहेत, तिन्ही बघा. १.२६५ किंवा वर म्हणजे भरलेला, १.१९ म्हणजे निम्मा. दोन सेल चांगले आणि एक पन्नास अंकांनी खाली, म्हणजे १.२६ च्या शेजारी १.२१, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही.

एजीएममध्ये तेच शिसं, तेच ॲसिड, पण ते प्लेटच्या मधल्या काचतंतूच्या गादीत शोषलेलं. सांडत नाही, वाफ जवळपास नाही, आपोआप उतरणं कमी, आणि हादरे चांगले सोसते. ब्रिटिश सिंगलच्या हादऱ्यांत हा शेवटचा मुद्दा लहान नाही. अट एकच: व्होल्टेज काबूत हवं. आत तयार झालेला वायू आतच परत पाणी होतो, पण जास्त व्होल्टेज मिळालं तर वायू इतका होतो की व्हॉल्व्हमधून निघून जातो. गेलेलं पाणी परत घालायला टोपण नाही. ७.४, फार तर ७.५ च्या वर कायम राहणारी गाडी एजीएमला हळूहळू वाळवते.

६ व्होल्टमध्ये दोन आकार सहज मिळतात, दोन्ही मूळचे अलार्म आणि इमर्जन्सी लाइटसाठी बनवलेले. एक ४ अँपिअर-तासांची, साधारण ७० बाय ४७ मिलिमीटर तळाची. दुसरी १२ अँपिअर-तासांची, १५१ बाय ५०. जुन्या काळ्या रबराच्या बॅटरीचं रिकामं खोकं असेल, किंवा त्याची नक्कल, तर छोटी आत मावते आणि बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. आता बॅटरीच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. स्टँडबाय वापरासाठी (कायम चार्जरवर ठेवायची) ६.७५ ते ६.९ व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो, ‘सायकल’ वापरासाठी (पुन्हा पुन्हा उतरवून भरायची) ७.२ ते ७.५ च्या आसपासचा. त्याच्या खाली सुरुवातीचा कमाल करंट छापलेला असतो, आणि ती ओळ कुणी वाचत नाही. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर तो १.२ अँपिअरच्या आसपास असतो. तुमचा डायनॅमो जोरात असताना आठ अँपिअर ढकलू शकतो. छोटी एजीएम पूर्ण उतरलेल्या अवस्थेत गाडीवर ठेवून ‘चालवून चार्ज करू’ म्हटलंत, तर पहिल्या दहा मिनिटांत ती गरम होईल. म्हणून दोन गोष्टी: जागा असेल तर १२ ची घ्या, आणि उतरलेली बॅटरी टेबलावरच भरा, डायनॅमोवर सोपवू नका. मॅग्नेटोवाल्या गाडीला, थोड्याच लाइटच्या वापरात, ४ ची पुरते. कॉइलवाल्या गाडीला मी ती देत नाही.

बसवताना बॅटरीखाली आणि बाजूंना रबर किंवा फोम द्या, पण पट्टा इतका आवळू नका की डबा चेपेल. चपटी छोटी टर्मिनलं असतात, त्यांना नीट क्रिंप केलेले क्लिप लावा. थेट टर्मिनलवर सोल्डर करू नका, उष्णता आतपर्यंत जाते आणि सील सुटतं.

जेलबद्दल फार सांगायचं नाही. बहुतेक लोक सीलबंद दिसली की तिला जेल म्हणतात आणि हातात एजीएम असते. खरी जेल ज्याने त्याने लेबल वाचून ओळखावी, कारण तिला व्होल्टेज आणखी कमी लागतं: १२ व्होल्टमध्ये १४.१ ते १४.४, ६ मध्ये ७.०५ ते ७.२. त्याच्या वर गेलं की जेलमध्ये बुडबुडे होतात, ते तिथेच राहतात आणि तेवढी जागा कायमची निकामी होते. जुन्या गाडीला तिचा असा काही फायदा नाही जो एजीएम देत नाही.

लिथियमचा सल्ला तुम्हाला दिलाय, म्हणून त्याच्यावर थोडं जास्त लिहितो. मोटरसायकलमध्ये वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट. एका सेलला ३.२ व्होल्ट, १२ साठी चार सेल, ६ साठी दोन. वजन नगण्य, उभ्या गाडीत महिनोन्‌महिने टिकते. पण डब्यावरचा अँपिअर-तासांचा आकडा पुष्कळदा ‘शिशाच्या बॅटरीइतकी’ असा असतो आणि खरी क्षमता त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. इलेक्ट्रिक स्टार्टला ते चालतं, कारण तिथे क्षणभर जोर हवा असतो. किक स्टार्टच्या गाडीत जोराचा उपयोग नाही, तुम्हाला साठा हवा, आणि साठाच कमी.

त्याहून मोठी अडचण तिच्या भुकेची आहे. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी घेते, उतरलेली असतानाही तिच्या आतला रेझिस्टन्स थोडा आवर घालतो. लिथियम तसं करत नाही. जितकं मिळेल तितकं ओढते. ६० वॅटच्या डायनॅमोला हे झेपत नाही: आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, तापतं, आणि त्याच्या टोकाच्या कम्युटेटरवरचं (जिथून कार्बन ब्रश वीज घेतात) सोल्डर वितळून फेकलं जातं. बॅटरी वाचते आणि डायनॅमो जातो, आणि डायनॅमो रीवाइंड करून देणारा हात बॅटरीइतका सहज सापडत नाही. शिवाय आतलं संरक्षक सर्किट व्होल्टेज वाढलं की बॅटरी एकदम तोडतं. म्हणजे चालू इंजिनावर वायर काढू नका असं वर सांगितलं, ते काम बॅटरी स्वतःच करते, अंधारात, रस्त्यावर. शून्य अंशाखाली तिला चार्ज करणंही वर्ज्य.

पुढे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ज्या ब्रिटिश गाड्या १२ व्होल्टच्या झाल्या, त्यांत झेनर डायोड जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकतो. चांगला झेनरसुद्धा १३.५ ते १५.३ मध्ये कुठेही स्थिरावतो. १५.३ वर पाण्याची बॅटरी कुरकुरते, एजीएम आयुष्य गमावते, लिथियम तर नकोच. १२ व्होल्टचा अल्टरनेटर आणि १४.४ च्या वर न जाणारा नवा रेग्युलेटर-रेक्टिफायर (अल्टरनेटरची एसी वीज डीसी करून व्होल्टेजही आवरणारा) असेल, तर लिथियमचा विचार करायला हरकत नाही. तुमच्या गाडीत ती अट नाही.

१२ व्होल्ट करून घेण्याबद्दल विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. त्याच डायनॅमोवर १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो आणि वॅटही जास्त मिळतात. बदल्यात डायनॅमो चार्ज करायला लागतो इंजिनाच्या बऱ्याच जास्त फेऱ्यांवर. मोकळ्या रस्त्यावर लांब जाणाऱ्याला चालेल. गर्दीत चालवणाऱ्याचा तोटा.

चार्जरचा प्रश्न सोपा आहे. कारचा चार्जर १२ व्होल्टचा असेल तर ६ च्या बॅटरीला लावायचाच नाही. काहींना ६/१२ चं बटण असतं, त्यांतही जुना ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर तो कुठेच थांबत नाही, आणि चार-सहा अँपिअरखाली येतच नाही. पाण्याच्या बॅटरीला समोर बसून, टोपणं उघडी ठेवून, हवेशीर जागी थोडा वेळ लावता येईल, सीलबंदला नाही. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते, म्हणून आधी क्लिप लावा, मग प्लगचं बटण, आणि काढताना उलट.

तुमच्यासाठी योग्य म्हणजे ६ व्होल्टवर चालणारा, अर्धा ते एक अँपिअरचा स्वयंचलित चार्जर. वर ७.२ ते ७.४ ला थांबणारा आणि मग ६.७५ ते ६.९ वर धरून ठेवणारा. आकडे माहितीपत्रकात नसतील तर मीटर लावून स्वतः बघा, तासाभराचं काम आहे. फार गरम हवेत हे आकडे थोडे खाली हवेत: २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे ६ व्होल्टला साधारण एक दशांश व्होल्ट. इलेक्ट्रॉनिक्सचा थोडा नाद असेल तर व्होल्ट आणि करंट दोन्ही ठरवता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय सगळ्यांत चांगला. मी एजीएमला ७.३ व्होल्ट, करंट क्षमतेच्या एक दशांश, असं लावून ठेवतो. सुरुवातीला करंट मर्यादेवर अडतो, नंतर आपोआप घटत जातो. ४ च्या बॅटरीला तो ५० मिलिअँपिअरच्या आसपास आला की झालं. घटायचं नावच घेत नसेल आणि डबा कोमट लागत असेल तर आत सेल शॉर्ट आहे, बंद करा. सल्फेट काढायचा पल्स मोड पाण्याच्या बॅटरीवर कधी कधी काम करतो. जेल आणि लिथियमला तो चुकूनही लावू नका.

अर्थिंगचं तेवढं सांगतो, कारण तुमच्या गाडीच्या काळातल्या लुकासवाल्या गाड्या बहुतेक प्लस अर्थच्या. चार्जर लावताना लाल क्लिप प्लसला आणि काळी मायनसला, गाडीचं अर्थिंग काहीही असो. बॅटरी काढताना मात्र अर्थची वायर आधी, म्हणजे तुमच्या गाडीत प्लसची. सवयीने आधी मायनस सोडवायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला, तर झालीच आतषबाजी. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर घेतानाही प्लस अर्थचाच मागा. उलटा जोडला तर तो तिथेच मरतो. आणि फ्यूज नसेल तर अर्थ नसलेल्या बाजूला, बॅटरीच्या जवळ, १५ अँपिअरचा टाका. जुन्या लुकास काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो आकडा वितळण्याचा आहे. सतत सोसतो त्याच्या निम्मंच. त्यामुळे जुन्याच्या जागी आजचा ३५ अँपिअरचा बसवू नका.

तेव्हा तुमच्या गाडीपुरतं: रीडिंग ७ ते ७.४ मध्ये स्थिर असतील, किंवा तुम्ही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर टाकणार असाल, तर १२ अँपिअर-तासांची एजीएम आणि ६ व्होल्टचा छोटा चार्जर. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अर्थची वायर सोडून ठेवा आणि दोन महिन्यांतून एकदा भरा. जुनी डबी तशीच ठेवायची असेल आणि तिचा भरवसा नसेल तर पाण्याची बॅटरी, आणि महिन्यातून एकदा पातळी बघायची तयारी.

अजून अडलं तर चार गोष्टी लिहून पाठवा: रात्रभर ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्ट, लाइट बंद असतानाचं रीडिंग, हेडलाइट लावल्यावरचं रीडिंग, आणि मॅग्नेटो की कॉइल. गेलेल्या तीनपैकी एखादी पाण्याची असेल आणि फेकली नसेल, तर तिची टोपणं उघडून आतल्या प्लेट कोरड्या आहेत का, की पातळी ठीक असून त्यांवर पांढरट थर आहे, तेही बघा. कोरड्या असतील तर रेग्युलेटर, पांढऱ्या असतील तर उपास. तिथून पुढचं सांगणं सोपं जाईल.